आमच्या घरांतील सात गिटारी

आमचें घर दोन खोल्यांचें व एका ओसरीचें आहे. त्यांत आम्ही पांच माणसें राहतों: माझी वृद्ध आई, पत्नी, थोरला मुलगा, धाकटी मुलगी व मी. या पांच माणसांच्या जोडीला सात गिटारी राहतात. "राहतात" हा शब्द मीं विचारपूर्वक योजिला आहे. कारण ज्या घरांत वाद्यें असतात, तेथें पलंग कोठें असावा, खिडकी केव्हां उघडावी, पाहुण्यांनीं कोणत्या भिंतीला टेकून बसावें, या सर्वांत त्यांचा शब्द चालतो. शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी या ना त्या निमित्तानें आमच्या घरीं येऊन गेले आहेत, आणि "सर, एवढ्या गिटारी कशाला?" हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आलेला मीं पाहिला आहे. एकदोघांनीं तो विचारलाहि. पालकमंडळी सभ्यपणानें विचारीत नाहींत, पण बोलतां बोलतां भिंतीकडे पाहून मोजतात. वार्षिक अंकाच्या निमित्तानें सर्वांस एकदांच उत्तर द्यावें, म्हणून हा लेख.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, हा संग्रह नव्हे. संग्राहक मनुष्य वस्तूच्या शोधांत फिरतो. आमच्याकडे बहुतेक गिटारी आपण होऊन दारांत आल्या. सर्वांत जुनी माझ्या वडिलांची. त्यांस आम्ही अप्पा म्हणत असूं. त्यांनीं ती १९६९ सालीं मुंबईस घेतली. ती हवाईयन पद्धतीची आहे, व तिच्याविषयीं पुढें सविस्तर लिहावयाचें आहे. दुसरी माझी, नायलॉनच्या तारांची, मला पहिली नोकरी लागली त्या वर्षींची. तिसरी पोलादी तारांची; मंडळीच्या तरुण संघाला नाताळच्या गाण्यांस साथ हवी म्हणून ती घेतली गेली, आणि नाताळ संपल्यावर ठेवावयास जागा नाहीं म्हणून आमच्याकडे राहिली. चौथी आखूड दांडीची, मुलगी सात वर्षांची असतांना तिच्या बोटांच्या मापानें घेतलेली. पांचवी बारा तारांची. आमचे जुने पाळकसाहेब देवाघरीं गेल्यावर त्यांच्या पत्नी मुलाकडे राहावयास निघाल्या, तेव्हां सामानाच्या टेंपोंत तिला जागा उरली नाहीं. बाईंनीं ती माझ्या हातीं दिली व मागें न पाहतां त्या गाडींत बसल्या. सहावी विजेची. ती थोरल्यानें लहान मुलांच्या शिकवण्या करून स्वतःच्या पैशांनीं घेतली, त्यामुळें तिच्याविषयीं बोलण्याचा आम्हां कोणास अधिकार नाहीं. सातवी माझ्या एका माजी विद्यार्थ्याची. तिची दांडी शिराजवळ चिरली होती. नोकरीसाठीं परगांवीं जातांना "सर, तूर्त ठेवा" असें म्हणून तो ती ठेवून गेला, त्यास चार वर्षें झालीं. "तूर्त" हा शब्द मराठींत फार लवचिक आहे.

तिसरी गिटार आली तेव्हां पत्नीनें विचारलें होतें, "अहो, एक पुरत नाहीं का?" प्रश्न रास्त होता. मीं उत्तर दिलें कीं, स्वयंपाकघरांत तवा, कढई व पातेलें हीं तिन्हीं भांडीं चुलीवरच चढतात, म्हणून त्यांतील दोन कोणी मोडींत काढीत नाहीं. नायलॉनच्या तारा मऊ बोलतात. त्यांवर बोटांनीं एकेक स्वर वेगळा काढावा. पोलादी तारांचा आवाज खणखणीत. वीस मुलें एका दमानें गात असतां तोच तेवढा ऐकूं येतो. हें अंतर केवळ तारांपुरतें नाहीं. नायलॉनच्या सहा तारा स्वरांत मिळविल्या म्हणजे त्यांचा एकूण ताण सुमारें ४० किलोंचा होतो. पोलादी तारांचा ७० किलोंच्या वर जातो. म्हणजे एक धडधाकट मनुष्य रात्रंदिवस त्या वाद्याला लोंबकळत असतो असें समजावें. नायलॉनसाठीं केलेल्या गिटारीवर पोलादी तारा चढविल्या, तर तिची घोडी उपटून हातांत येते. म्हणून आंतील आधाराच्या पट्ट्याहि दोन प्रकारांत निराळ्या असतात: एकींत त्या हातपंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरलेल्या, तर दुसरींत फुलीसारख्या एकमेकींस छेदणाऱ्या. हें सर्व पत्नीनें शांतपणें ऐकून घेतलें व ती म्हणाली, "खरें आहे, पण कढई भिंतीला टांगून तिच्याकडे कोणी पाहत बसत नाहीं." त्यावर मला उत्तर सुचलें नाहीं, व अद्यापहि सुचलेलें नाहीं.

गिटारीचा आवाज मुख्यतः वरच्या फळींतून येतो. सतारीच्या कारागिरांप्रमाणें आपणहि तिला तबली म्हणूं. स्पेन देशांत आंतोनियो दे तोर्रेस (१८१७-१८९२) नांवाचा कारागीर होऊन गेला. आजच्या नायलॉन-तारांच्या गिटारीचें रूप बहुतांशीं त्यानें ठरविलें. तबलीचें हें महत्त्व लोकांना पटविण्यासाठीं त्यानें १८६२ सालीं एक गिटार केली. तिची तबली लांकडाची, परंतु पाठ व बाजू चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या! ती आज बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयांत आहे. ही गोष्ट मीं वर्गांत सांगितली त्याच्या दुसऱ्याच दिवशीं दोन मुलें बुटांच्या खोक्यावर रबरी फिती ताणून घेऊन आलीं. आवाज अगदींच सुमार होता; पण खोक्याचें झांकण पातळ केल्यावर तो वाढला, हें त्यांनीं आपलें आपण शोधून काढलें, आणि त्या दिवशींचा माझा भौतिकशास्त्राचा तास मला वेगळा घ्यावा लागला नाहीं.

ही तबली जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. लांकूड कापून, रंधून, चिकटवून झालें तरी तें हवेंतील ओल घेण्याचें व सोडण्याचें थांबवीत नाहीं. हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ४५ ते ५५ असावी, असें कारागीर सांगतात. आमच्या पठारावरील गांवांत एप्रिल-मे महिन्यांत ती याच्या पुष्कळ खालीं जाते, व आषाढ-श्रावणांत तितकीच वर चढते. उन्हाळ्यांत तबली आक्रसून आंत बसते, आणि फार दुर्लक्ष झालें तर रेषेवर उभी चिरते. दांडीहि अरुंद होऊन पडद्यांच्या पितळी टोंकांचे कांटे तळहाताला टोंचूं लागतात. पावसाळ्यांत तीच तबली पोट फुगवून वर येते, तारा पडद्यांपासून दूर जातात, व नवशिक्याचीं बोटें दाबून दाबून लाल होतात. भोगावें लागतें तें अस्सल लांकडाच्या गिटारीला. पातळ थर चिकटवून केलेली स्वस्त गिटार हे सर्व ऋतू निर्विकारपणें सोसते. गरिबाचें वाद्य चिवट असतें, ही मोठी सोय आहे.

यामुळें घराला एक शिस्त लागली आहे. पश्चिमेची भिंत दुपारीं तापते, म्हणून तिच्यावर एकहि गिटार नाहीं. स्वयंपाकघराच्या भिंतीला वाफ लागते, म्हणून तीहि वर्ज्य. राहिल्या दोन भिंती. त्यांवर पांच गिटारी टांगलेल्या व दोन पलंगाखालीं पेट्यांत. कपाटाजवळ एक छोटा आर्द्रतामापक ठेवला आहे. शेजारच्या घरीं सकाळीं सोन्याचा भाव विचारतात, आमच्याकडे आई विचारते, "आज किती?" उन्हाळ्यांत भोंकें पाडलेल्या साबणाच्या डबींत ओला स्पंज घालून ती डबी एकेका गिटारीजवळ ठेवावी लागते. एका वर्षीं नळाला चार-चार दिवस पाणी नव्हतें. त्या दिवसांत मी स्पंज भिजवीत असतां आई म्हणाली, "आधीं माणसांची घागर भरूं दे, मग गिटारीची तहान बघ." गिटारींस लागणारें पाणी सारें मिळून अर्धा पेला होतें. तरीहि त्या दिवसापासून स्पंज भिजवावयाचा तो भाजी धुतलेल्या पाण्यानें, असा नियम झाला, व तो पुढें पाण्याची टंचाई गेली तरी टिकला.

तिसऱ्या गिटारीची पाठ शिसवी लांकडाची आहे. पूर्वी अमेरिकेंतील नामांकित कारखाने ब्राझीलचें शिसव वापरीत. तें मिळणें दुरापास्त झालें तेव्हां, १९६९ च्या सुमारास, मार्टिन या १८३३ पासून चालत आलेल्या कारखान्यानें आपल्या देशांतील शिसवाकडे मोर्चा वळविला, व इतरांनींहि तेंच केलें. ज्या झाडाच्या लांकडाचे आपल्या आजोबांच्या घरीं पलंग व देव्हारे झाले, तेंच झाड गिटारीची पाठ होऊन जगभर गेलें. २०१७ च्या जानेवारींत या जातीच्या सर्व झाडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, आणि वादक मंडळींची परदेशीं जातांना तारांबळ उडूं लागली. २०१९ च्या नोव्हेंबरांत तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. झाडांवरील निर्बंध राहिले, हें योग्यच झालें.

आतां विजेच्या गिटारीविषयीं. तिचा आवाज ओसरींतून रस्त्यापर्यंत जातो. आमच्या मंडळींतील एक वयोवृद्ध वडील ती पाहून म्हणाले, "हें नव्या पिढीचें खूळ, तुमचे अप्पा कसे शांत हवाईयन वाजवीत!" मीं त्यांस नम्रपणें सांगितलें कीं, या दोघींचें नातें आजी-नातीचें आहे. हवाई बेटांतील जोसेफ केकुकू या शाळकरी मुलानें १८८९ च्या सुमारास गिटारीच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून स्वर काढण्याची पद्धत बसविली, असें मानण्यांत येतें. तो त्या वेळीं साधारण आपल्या दहावीच्या मुलांएवढा होता. ही पद्धत अमेरिकेंत इतकी लोकप्रिय झाली कीं, १९३२ सालीं विजेची पहिली गिटार बाजारांत आली ती हवाईयन पद्धतीचीच होती. गोल पेटी व लांब दांडी यांमुळें लोक तिला "तळण्याचा तवा" म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ताउ मो हे हवाईयन कलावंत कलकत्त्यास राहिले, व तेथें हें वाद्य रुजलें. लखनौचे व्हॅन शिप्ले यांनीं तें चित्रपटसंगीतांत नेलें. ब्रिजभूषण काब्रा (१९३७-२०१८) यांनीं त्यावर राग वाजविले. १९६७ च्या "कॉल ऑफ द व्हॅली" या ध्वनिमुद्रिकेंत संतूर व बांसरी यांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. पुढें विश्वमोहन भट्ट यांनीं आपल्या मोहनवीणेसाठीं १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळविलें. हें वाद्य येथें रुजलें याचें कारण साधें आहे. पडद्यांवर बोट ठेवून वाजविलेली गिटार पायऱ्या चढते. पोलाद सरकवून वाजविलेली गिटार मींड घेते, आणि मींड हा आपल्या गाण्याचा प्राण आहे.

हें वृद्ध गृहस्थांना पटलें कीं नाहीं कोण जाणे. परदेशी वाद्य म्हणून नाक मुरडण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. हार्मोनियमला आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवलें होतें, आणि आज तिच्यावांचून आमचें भजन सुरू होत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं कीर्तन आणि भजन ख्रिस्ती उपासनेंत आणलें, तेव्हां दोन्ही बाजूंचे लोक कुरकुरले असतील असें मला वाटतें.

अप्पा एका दवाखान्यांत कंपाउंडर होते. सायंप्रार्थना व जेवण आटोपल्यावर ते खुर्चीवर बसत, गिटार मांडीवर आडवी घेत, डाव्या हातांत पोलादी दांडू धरीत व भजनांच्या चाली वाजवीत. पंधरा-वीस मिनिटें, अधिक नाहीं. मग फडक्यानें तारा पुसून, सहाहि खुंट्या थोड्या सैल करून ते तिला पेटींत निजवीत. रोज सैल कराव्या व रोज पुन्हां मिळवाव्या, हें मला त्या वयांत निरर्थक वाटे. २०११ सालीं ते गेले. त्यानंतर पेटी आईच्या पलंगाखालीं गेली. दर वर्षीं नाताळच्या साफसफाईंत ती बाहेर निघे, पुसली जाई व पुन्हां आंत सरके.

गेल्या उन्हाळ्यांत थोरल्यानें ती उघडली. घोडीचा गोंद सुटून तिची मागची कड उचलली होती. रात्रीं जेवतांना त्यानें प्रस्ताव मांडला: ही गिटार दुरुस्त करावी, तारा खालीं आणाव्या व नेहमींच्या पद्धतीनें वाजवितां येईल अशी करावी, तरुण संघांत पांच मुलांमागें दोन गिटारी आहेत. हवाईयन गिटारीच्या तारा दांडीपासून बऱ्याच उंच असतात, त्या बोटांनीं दाबतां येत नाहींत. म्हणून तिचें रूप बदलणें भाग होतें. मला तें रुचेना. अप्पांची गिटार अप्पांच्या पद्धतीचीच राहावी, असें मी म्हणालों. पत्नीनें विचारलें, "पलंगाखालीं राहावी, असेंच ना?" मुलगी कांहीं बोलली नाहीं. शेवटीं सर्वांनीं आईकडे पाहिलें. ती म्हणाली, "वाजत असेल तर घरांत राहूं दे. वाजत नसेल तर लांकूडच तें. ज्याला उपयोगी पडेल त्याला दे." मला वाटलें होतें, आई माझ्या बाजूनें बोलेल.

माझें आजोळ मिरजेचें. तेथील सतारमेकर गल्लींत दीडशेंहून अधिक वर्षें तंतुवाद्यें घडत आहेत. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. आम्ही अप्पांची गिटार व ती चिरलेली सातवी, अशा दोन्ही घेऊन गेलों. आईनेंहि बरोबर येण्याचा हट्ट धरला. दुकान लहान होतें; वर मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, खालीं लांकडाचा भुसा. कारागीर साठीचे होते. त्यांनीं अप्पांची गिटार डोळ्यासमोर आडवी धरून दांडींतून बंदुकीच्या नळींतून पाहावें तसें पाहिलें.

"दांडी सरळ आहे, मास्तर. कोणी तरी रोज तारा सैल करीत होतें."

मग त्यांनीं पडद्यांवरून अंगठा फिरविला व ते हंसले. "पन्नास वर्षांची गिटार, आणि पडदे कोरे!" पोलादी दांडू तारांवरून तरंगत जातो, तो पडद्यांना कधीं टेंकत नाहीं, पडदे केवळ स्वरांच्या खुणा म्हणून असतात. नंतर त्यांनीं तारा सोडून दांडीच्या शिराशीं असलेली उंच लोखंडी पट्टी चिमटीनें उचलली. तिच्याखालीं मूळची बुटकी हाडाची पट्टी जशीच्या तशी होती. म्हणजे ही गिटार कारखान्यांतून साधीच निघाली होती; तिला हवाईयन केलें होतें तें या बोटभर लोखंडानें.

"घोडी बसवून देतों. तिच्यावरचें हाड बदललें, ही पट्टी काढली, कीं झाली नेहमींची गिटार. नाहीं तर आहे तशी ठेवा. मला दोन्हींचे पैसे सारखेच," ते म्हणाले. "घरांत लोखंड कोण धरणार, तें सांगा."

या प्रश्नाचें उत्तर माझ्याकडे नव्हतें. मला गिटार येते, पण ती उभी धरून. मांडीवर आडवी घेऊन मीं कधीं वाजविली नाहीं. घोडी बसून गोंद वाळावयास तीन दिवस लागले. चौथ्या दिवशीं त्यांनीं तारा मिळविल्या व अप्पांचा दांडू पेटींतून घेऊन सहाहि तारांवर एकदांच, खालून वर, सावकाश सरकविला. आई स्टुलावर बसली होती. तिनें पदर सांवरला. "अशीच राहूं दे," ती म्हणाली, "थोडे दिवस."

सातव्या गिटारीची दांडीहि तेथेंच सांधून आली. तिच्या मालकाला मीं फोन केला, तो म्हणाला, "सर, कोणाला तरी वाजवूं द्या." तेव्हांपासून ती नववींतील एका मुलाकडे असते व दर शनिवारीं तपासणीसाठीं आमच्या घरीं येते. बारा तारांचीलाहि असा कोणी वाली मिळाल्यास मला हवा आहे. ती मिळविण्यासच पाऊण तास लागतो, हें आधीं सांगून ठेवतों. इच्छुकांनीं शनिवारीं दुपारीं यावें.

अप्पांची गिटार मात्र घरींच आहे. थोरल्यानें नाताळपर्यंत मुदत दिली आहे. तोंपर्यंत ती कोणी खरोखर वाजवूं लागलें नाहीं, तर पट्टी काढावयाची, असें सर्वानुमतें ठरलें आहे, व ती अट मला मान्य करावी लागली. मिरजेहून परत आलों त्याच संध्याकाळीं मुलीनें कोणास न विचारतां खुर्ची ओढली व गिटार मांडीवर घेतली. ती आतां तेरा वर्षांची आहे. दांडू तिच्या मुठीला जड आहे. शिवाय तिची एक जुनी संवय आड येते: बोटांनीं वाजवितांना बोट पडद्याच्या अलीकडे दाबावें लागतें, पण दांडू बरोबर पडद्याच्या माथ्यावर धरला नाहीं तर स्वर उतरतो. तिचा तो रोज उतरतो. तिला शिकविणारें घरांत कोणी नाहीं. आईला कोणतेंच वाद्य येत नाहीं, सारेगमहि येत नाहीं. परंतु बेचाळीस वर्षें तिनें या सहा तारा ऐकल्या आहेत. ती आंतल्या खोलींत भाजी निवडीत बसते, आणि ओसरीवरून चाल सुरू झाली कीं तिचा आवाज येतो: "खालीं आहे ग... अजून खालींच आहे... सरकव... हां."